आकडा जुळला, पण कशाशी?

या वेळच्या पत्रांत राउटरचाच विषय जास्त आहे. पावसाळ्यात दुरुस्तीच्या टेबलावर दोन तऱ्हेचे राउटर येतात. एक विजेनं जळलेले, आणि दुसरे 'अपडेट मारताना बंद पडला' म्हणून आणलेले. दुसऱ्या तऱ्हेचे बहुतेक वाचवता आले असते, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलून आज फक्त फर्मवेअरचंच बोलते. फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतल्या फ्लॅश चिपवर लिहिलेली त्याची प्रणाली. घरातला प्रत्येक फोन, कॅमेरा, टीव्ही तिच्यातूनच बाहेर जातो, म्हणून तिथं कुणाची फाइल बसवायची हा प्रश्न मला फार गंभीर वाटतो.

प्रश्न : मॅडम, वडगावात आमचा यंत्रमागाचा शेड आहे. शेडातले कॅमेरे आणि घरातले फोन सगळं एकाच राउटरवर चालतंय. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन, जुना आहे. प्लॅन १५० एमबीपीएसचा घेतलाय, पण स्पीड नव्वदच्या पुढं हलत नाही. पाहुण्यांतल्या एका मुलानं टेलिग्रामवरनं 'स्पीड वाढवणारं' फर्मवेअर उतरवून दिलंय. झिप फाइल आहे, आत टेक्स्ट फाइलीत एसएचए-२५६ चा लांबलचक आकडा आहे. मुलानं फाइलचा आकडा काढून दाखवला, तंतोतंत जुळतोय. व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या साइटवरही टाकून बघितली, तिथं काही निघालं नाही. तो म्हणतोय, आता शंभर टक्के खरी. टाकू काय?
— एक वाचक, वडगाव

काका, टाकू नका. मुलानं हिशेब चुकवलेला नाही. आकडा काढला बरोबर, ताडला बरोबर. फक्त तो कशाशी ताडला हे बघायचं राहिलं.

एसएचए-२५६ ही एक गणिती रीत आहे. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातून ६४ अक्षरांचा एक आकडा निघतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं असतात. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी निघणारा आकडा ओळखू येत नाही इतका वेगळा होतो. हवं तर मुलाला करून बघायला सांगा. एखादी साधी टेक्स्ट फाइल घ्यायची, आकडा काढायचा, शेवटी एक मोकळी जागा टाकून जतन करायची आणि पुन्हा आकडा काढायचा. दोन्हींत काही साम्य दिसणार नाही. त्यामुळे ज्या फाइलीवरून आकडा काढला तीच फाइल आपल्या हातात आहे, मध्ये काही तुटलं-बदललं नाही, एवढं या आकड्यावरून पक्कं कळतं. ती फाइल मुळात कुणी बनवली, हे कळत नाही.

तुमच्याकडे फाइल आणि आकडा एकाच झिपमधून आले. ज्यानं फाइलीत काही घुसवलं असेल, तो घुसवून झाल्यावर नवा आकडा काढून शेजारी ठेवणारच. त्याला एक मिनिट लागतं. शहापूरच्या सराफ गल्लीत एखादा अनोळखी माणूस दागिना विकायला आला आणि कसोटीचा दगडही त्यानंच खिशातून काढला, तर सराफ त्या दगडावर दागिना घासणार नाही. आकडा कंपनीच्या किंवा प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरून, तुम्ही स्वतः पत्ता टाकून, उघडून घेतलेला पाहिजे. फाइल कुठूनही आली तरी एक वेळ चालेल, पण आकडा कुठून आला यात तडजोड करू नका.

आता व्हायरसटोटल. तिथली अँटिव्हायरस इंजिनं मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडवरचे ओळखीचे घातक प्रोग्राम शोधतात. राउटरचं फर्मवेअर म्हणजे बहुधा दाबून बांधलेली लिनक्सची प्रणाली, तीही मिप्ससारख्या वेगळ्याच प्रोसेसरसाठी बनवलेली. आणि त्यात कुणी फक्त डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलला असेल, किंवा बाहेरून आत यायला एक छुपा पासवर्ड ठेवला असेल, तर त्यात 'व्हायरस' म्हणून पकडण्यासारखं काही नसतंच. तिथं काही निघालं नाही म्हणजे त्या इंजिनांना ओळखीचं काही दिसलं नाही, यापलीकडे अर्थ काढू नका. राउटरनं फाइल स्वीकारली म्हणजे ती खरी, हेही धरू नका. नव्या बऱ्याच राउटरमध्ये कंपनीची डिजिटल सही तपासतात, पण जुने कित्येक राउटर मॉडेलचा क्रमांक आणि फाइल तुटलेली नाही ना एवढंच बघून आत घेतात.

आणि ज्या कारणासाठी हे सगळं चाललंय, त्या स्पीडबद्दल. डब्ल्यूआर८४१एनचे मागचे सगळे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. दीडशेचा प्लॅन त्यातून नव्वद-पंच्याण्णवच येणार, आणि कुठलंही फर्मवेअर पोर्टचं हार्डवेअर बदलू शकत नाही. तुम्हाला नवा राउटर लागेल, ज्याच्या खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' असं स्पष्ट लिहिलेलं असेल. जुना शेडातल्या कॅमेऱ्यांना ठेवा. मात्र मागांच्या लोखंडी सांगाड्यांमागून काढून उंचावर बसवा, आणि कापसाची धूळ साचते ती जाळी महिन्याला एकदा कोरड्या ब्रशनं झाडा.

त्या जुन्यालाही अधिकृत अपडेट द्यायचं असेल तर आधी तो उलटा करा. खालच्या स्टिकरवर मॉडेलच्या खाली 'व्हर' म्हणून बारीक आकडा असतो. याच डब्ल्यूआर८४१एनच्या चौदापर्यंत हार्डवेअर आवृत्त्या निघाल्या आणि १३ पासून आतली चिपच वेगळ्या कंपनीची आहे. एका आवृत्तीची खरीखुरी, कंपनीची फाइल दुसरीवर चढवली तरी राउटर मरू शकतो. देशाप्रमाणेही फाइली वेगळ्या असतात, तेव्हा कंपनीच्या भारतासाठीच्या पानावरून आपल्याच आवृत्तीची घ्या. झिप उघडल्यावर आत शेवटी 'डॉट बिन' असलेली फाइल आणि बहुधा सूचनांचा कागद असतो. 'डॉट ईएक्सई' किंवा 'डॉट एपीके' निघालं आणि 'हे चालवा' असं म्हटलं असेल तर तिथंच पुसून टाका.

प्रश्न : मी निपाणीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासिकेच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकायचंय. आकडा मूळ साइटवरूनच घेतो. पण ६४ अक्षरं कोण बघत बसणार? मी पहिली सहा आणि शेवटची सहा बघतो. तेवढं पुरतं ना? आणि काही ठिकाणी एमडी५ दिलेला असतो, तो चालेल का?
— एक विद्यार्थी, निपाणी

नाही पुरत, आणि तुझ्याच ओपनडब्ल्यूआरटीचं उदाहरण देते. या प्रकल्पाची एक सोय आहे : तुझ्या राउटरला लागणारी पॅकेजं, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्राम, सांगितलीस की त्यांचा सर्व्हर तशी प्रतिमा, म्हणजे चढवायची तयार फर्मवेअर फाइल, बांधून देतो. कुणी आधी तीच मागणी केली असेल तर पुन्हा न बांधता साठवलेली देतो. मागणी तीच आहे का, हे ओळखायला तो एसएचए-२५६ वापरायचा, पण ६४ अक्षरांतली फक्त १२ घ्यायचा. डिसेंबर २०२४ मध्ये जपानमधल्या एका सुरक्षा संशोधकानं दाखवलं की १२ अक्षरं जुळणारी दुसरी मागणी साध्या बाजारातल्या ग्राफिक्स कार्डावर शोधून काढता येते. त्याच सर्व्हरमधली आणखी एक त्रुटी जोडीला घेतली, तर सरळ मागणी करणाऱ्याला दुसऱ्यानं बिघडवलेली प्रतिमा मिळू शकत होती. प्रकल्पाच्या लोकांनी काही तासांत दुरुस्ती केली, जाहीर केलं, आणि ती सोय वापरणाऱ्यांना तीच आवृत्ती पुन्हा चढवून घ्यायला सांगितलं. तू बघतोस तीही बाराच अक्षरं. रीत मजबूत असते ती पूर्ण आकड्यासाठी; तुकडा घेतलास की ती ताकद तूच सोडून देतोस.

डोळ्यांनी वाचायची गरजच नाही. विंडोजवर ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तो उघड, वरच्या पत्त्याच्या पट्टीत 'सीएमडी' टाइप करून एंटर मार, काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. तिथं सर्टयूटिल, मग आडवी रेघ लावून हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६. फाइलचं नाव पूर्ण टाइप न करता पहिली अक्षरं देऊन टॅब दाबलास तर ते आपोआप पुरं होतं. आलेला आकडा नोटपॅडमध्ये चिकटव. मग मूळ साइटवरचा आकडा कॉपी करून नोटपॅडच्या शोधाच्या चौकटीत टाक. सापडला तर जुळला, नाही तर नाही. एकीकडे इंग्रजी मोठी अक्षरं आणि दुसरीकडे छोटी दिसली तर घाबरू नकोस, किंमत तीच असते. लिनक्सवर यासाठी एसएचए२५६सम ही आज्ञा आहेच.

त्यानंतर ल्युसीच्या, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या, पानावर फाइल चढवलीस की लिहायला सुरुवात करण्याआधी राउटर थांबतो आणि त्याला मिळालेल्या फाइलचा आकार आणि एसएचए-२५६ दाखवून विचारतो, पुढं जाऊ का? बहुतेक मुलं तिथं न वाचता बटण दाबतात. तू दाबू नकोस. तो आकडा राउटरनं स्वतः काढलेला आहे, म्हणजे कॉम्प्युटरमधून राउटरमध्ये जातानाही काही बिघडलं नाही याची खात्री तिथं मिळते. तोही त्याच नोटपॅडमध्ये शोध.

एमडी५ चा आकडा ३२ अक्षरांचा. वेगवेगळ्या दोन फाइलींना एकच एमडी५ आणता येतो, हे २००४ मध्येच चिनी संशोधकांनी दाखवलं. एसएचए-१ चंही फेब्रुवारी २०१७ मध्ये तसंच झालं. डाउनलोड अर्धवट तुटलं का, हे बघायला एमडी५ चालेल. कुणी मुद्दाम बदल केला का, यासाठी त्याच्यावर विसंबू नकोस.

पुढची पायरी तुला जमेल म्हणून सांगते. ओपनडब्ल्यूआरटीच्या डाउनलोडच्या फोल्डरात सगळ्या आकड्यांची एक यादी असते आणि तिच्याच नावापुढे 'एएससी' लागलेली दुसरी छोटी फाइल. ती त्या यादीवरची जीपीजी सही, म्हणजे प्रकल्पानं आपल्या गुप्त किल्लीनं केलेली डिजिटल सही. प्रकल्पाची सार्वजनिक किल्ली घेऊन सही तपासलीस की ती यादी किल्लीवाल्यानंच काढली हे कळतं, सर्व्हर कुणी फोडून आकडे बदलले असतील तरी पकडलं जातं. किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, मात्र प्रकल्पाच्या वेगळ्या पानावर जाऊन जुळव.

सहीलाही मर्यादा आहे, ती माहीत असू दे. २०१८ मध्ये आसुसच्या कॉम्प्युटरांसाठीच्या अपडेट प्रोग्रामात चोरांनी आपला कोड घातला आणि त्यावर आसुसचंच खरं प्रमाणपत्र वापरून सही होती. मार्च २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं ते उघड केलं. सही खरी होती, सही करणाऱ्याचं घर फुटलं होतं. म्हणून नवी आवृत्ती आली त्याच रात्री अभ्यासिकेच्या राउटरवर चढवू नकोस, थोडे दिवस जाऊ दे. अपवाद एकच : धोक्याची त्रुटी बुजवायला म्हणून आलेलं अपडेट. ते लगेच.

राउटर कुठला हे तू लिहिलं नाहीस. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा असेल तर हा बेत सोड. अशा यंत्रांसाठी १९.०७ ही शेवटची मालिका, तिची देखभाल २०२२ मध्ये थांबली. कुणी तिसऱ्यानं 'तुमच्यासाठी खास छोटी करून' बांधलेली प्रतिमा मिळेल, आणि तिच्याशी ताडायला कुठला मूळ आकडाच नसेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, टिळकवाडीत राहते. राउटर बंद पडला म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. त्यानं 'सॉफ्टवेअर मारून' दिलं, चालू झाला. पण तेव्हापासून फोनवर मध्येच नको त्या जाहिराती उघडतात. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो रिसेट कर. केलं, तरी तेच. फोन बदलू की राउटर?
— एक वाचिका, टिळकवाडी

बाई, फोन बदलायची घाई नको. आधी एवढंच करा : फोनचं वायफाय बंद करून दिवसभर मोबाइल डेटावर वापरा. जाहिराती थांबल्या तर संशय राउटरवर, नाही थांबल्या तर फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपवर.

रिसेटनं गेलं नाही याचं कारण असं की रिसेटचं बटण फक्त सेटिंगं पुसतं, म्हणजे पासवर्ड, वायफायचं नाव, डीएनएस. फर्मवेअर तसंच राहतं, आणि त्या फर्मवेअरमध्येच कुणी चुकीची मूळ सेटिंगं भरली असतील तर रिसेटनंतर तीच परत येतात. तुमच्याकडे तसंच झालं असावं.

राउटरच्या पानावर 'स्टेटस' मध्ये डीएनएस सर्व्हरचे दोन पत्ते दिसतात. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणारी सेवा. ती दुसऱ्याच्या हातात गेली की तुम्ही एक पत्ता टाकता आणि तो तुम्हाला भलत्याच ठिकाणी पाठवू शकतो. ते पत्ते कागदावर उतरवून तुमच्या इंटरनेट कंपनीला फोन करा आणि हे तुमचेच का, विचारा. ८.८.८.८ हा गूगलचा आणि १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा, ते दिसले तर काळजी नाही. तोवर त्या वायफायवरून बँकेचा व्यवहार करू नका. बँकेच्या पानावर ब्राउझरनं 'प्रमाणपत्र जुळत नाही' असा इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' कधीच दाबू नका. पैसे गेलेच असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा, उद्यावर टाकू नका.

मुलगा सुट्टीत आला की त्याला हे वाचायला द्या. कंपनीची फाइल या संशयित वायफायवरून उतरवायची नाही, मोबाइल डेटावरून उतरवायची. कंपनी आकडा देत नसेल तर दोन वेगळ्या जोडण्यांवरून दोनदा उतरवून दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडायचे; वाटेत कुणी बदलत असेल तर फरक दिसतो. आणि ती राउटरच्या नेहमीच्या अपडेटच्या पानावरून चढवायची नाही, कारण ते पान त्याच संशयित फर्मवेअरचं आहे, 'अपडेट झालं' असं ते खोटंही सांगू शकतं. बऱ्याच टीपी-लिंक राउटरांत वेगळी वाट असते. रिसेटचं बटण दाबून धरून वीज चालू केली की राउटरचा बूटलोडर, म्हणजे फर्मवेअरच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम, १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर जोडलेल्या कॉम्प्युटरकडून ठरलेल्या नावाची फाइल स्वतः मागून घेतो. तुमचा राउटर दुसऱ्या कंपनीचा असेल तर तिच्या मदतीच्या पानावर अशी वाट शोधायची. सापडली नाही तर नवा राउटर घ्या. दीड-दोन हजारांच्या यंत्रासाठी पेन्शनच्या खात्याचा धोका पत्करू नका.

आणि त्या दुरुस्तीवाल्याला जाऊन विचारा, फाइल कुठून घेतली. भांडायला नाही, माहितीसाठी. राउटरची दुरुस्ती करून देणाऱ्यानं फर्मवेअर कुठून आणि कुठल्या आवृत्तीचं टाकलं, हे बिलावर लिहून दिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बेळगावात कुठंही राउटर दिलात तरी हे मागा.

प्रश्न : आमच्या गावात खानापूरच्या केबलवाल्याचं फायबर आहे. त्याच्या ऑफिसमधल्या मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवलीय, भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात चढवा म्हणतोय. पाऊस आहे, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. चढवू का?
— एक वाचक, खानापूर तालुका

नका चढवू. तो पांढरा डबा म्हणजे ओएनटी, आणि त्याचं फर्मवेअर सेवा देणाऱ्यानं आपल्या बाजूनं, दुरून बदलायचं असतं. त्यासाठी टीआर-०६९ नावाची ठरलेली पद्धत आहे आणि ग्राहकानं हात लावायची गरज नसते. त्या मुलाला नाही, ऑफिसच्या बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करून विचारा : ही फाइल तुम्हीच पाठवली का, आणि दुरून का चढवत नाही? खरंच घरी येऊन चढवायची असेल तर त्यांचा माणूस येऊ दे, आणि तो आल्यावर डबा इन्व्हर्टरवर आहे ना ते तुम्ही बघा. फ्लॅशवर लिहायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्यातच लाइट गेली तर डबा उठत नाही. केबल लावून करू दे, वायफायवरून नाही. आणि मुलानं पाठवलेली फाइल पुसू नका, ऑफिसनं 'आमची नाही' म्हटलं तर तीच दाखवावी लागेल.